खुणांचा रकाना

बस आगाराच्या मागच्या अंगाला, टायर धुण्याच्या हौदाला लागून, ‘सापडलेल्या वस्तू’ अशी पाटी असलेलं एक कार्यालय होतं. पुढे दोन खिडक्या आणि मागे छतापर्यंत फळ्या ठोकलेलं गोदाम. बसमध्ये लोक जे जे विसरून उतरत ते सगळं कंडक्टरांच्या हातून इथे येई. पिशव्या, चष्मे, दप्तरं हे रोजचंच. पण एकदा कवळी आली होती, एकदा शिलाई मशीनचं नुसतं चाक आलं होतं, आणि एकदा चक्क एक दरवाजा आला होता, बिजागऱ्यांसकट. दरवाजा विसरून माणूस घरी गेलाच कसा, आणि गेल्यावर घरच्यांना काय सांगितलं असेल, यावर कार्यालयात आठवडाभर चर्चा रंगली होती.

पहिल्या खिडकीवर आत्या एकोणीस वर्षं बसत होती. आगारात तिला कुणी मोठ्या बाई म्हणत, कुणी मावशी. आत्या ती भिंगरीची. भिंगरी लहानपणी एका जागी दोन मिनिटं ठरत नसे, म्हणून आजोबांनी तिला हे नाव ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच. मोठेपणी मात्र तिने असं काम धरलं की दिवसच्या दिवस खुर्चीतून उठायचं नाव नको. बस मंडळाच्या संगणक विभागात ती नोकरीला होती. चालता चालता एखादा प्रोग्रॅम अडायला लागला, की तो नेमका कुठे अडतो आणि किती वेळ अडतो हे हुडकून काढणं हे तिचं काम. या कामात तिचा हात धरणारं विभागात दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला ते ठाऊकही होतं.

एका मंगळवारी तिच्या टेबलावर एक तक्रारीचा कागद येऊन पडला. सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयातून, तिथल्या व्यवस्थापकांच्या सहीचा. दुसऱ्या खिडकीवर एका वस्तूची नोंद चाळीस सेकंदांच्या आत होते, पहिल्या खिडकीवर पन्नासच्या वर जातात, रांग वाढते, लोक ओरडतात. प्रोग्रॅम तपासावा. प्रोग्रॅममध्ये दोष न आढळल्यास पहिल्या खिडकीवरील कर्मचाऱ्याची पुढच्या महिन्यापासून गोदामात बदली करण्यात येईल.

भिंगरीने कागद दोनदा वाचला. मग पालथा घातला आणि उगाचच पेन्सिलीला टोक काढत बसली.

आत्या त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहायची. संध्याकाळी भिंगरी वर गेली तेव्हा आत्या दोरीवरून काढलेली चादर घडी करत होती. आधी चारही टोकं जुळवायची, मग कडेवरून अंगठा फिरवायचा, मग पुन्हा जुळवायची. भिंगरीचे बाबा नेहमी म्हणत, “आक्काची एक चादर होईतो माझी एक झोप होते.”

“आत्या, तुझ्या खिडकीची तक्रार आलीये आमच्याकडे.”

“माहीत आहे. गोदामात टाकणार आहेत मला.” आत्याने घडीवर हात फिरवला. “बरंच आहे की. तिथे गार असतं. आणि पायही पसरता येतात.”

हे ती फार पटकन बोलली. आत्या कुठलीच गोष्ट पटकन करत नाही, त्यामुळे भिंगरीला काय समजायचं ते समजलं. खिडकीतून येणारी माणसं, त्यांचे पडलेले चेहरे, आणि हरवलेली वस्तू हातात पडल्यावर ते चेहरे कसे खुलतात हे घरी येऊन साग्रसंगीत सांगणं, यावर आत्याचा दिवस उभा होता. गोदामातल्या फळ्यांना काही चेहरे नसतात.

“उद्या मीच येणारे तपासायला,” भिंगरी म्हणाली. “पण आत्या, मी जे निघेल तेच लिहिणार हं. खरंच तुझा हात हळू असेल तर...”

“तर तसं लिही. मी काय तुला लाडूबिडू देऊन गप्प करणारे?” आत्या हसली. “लाव बाई, काय घड्याळं लावायचीत ती लाव.”

जिना उतरताना भिंगरी मनातल्या मनात सेकंद मोजत होती. कारण मघाशी ती चादर तिनेही पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती आपला लॅपटॉप घेऊन कार्यालयात हजर झाली. व्यवस्थापक साहेब उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात तीन पेनं. भिंगरीने आल्या आल्या सांगून टाकलं, “साहेब, पहिल्या खिडकीवरच्या बाई माझ्या आत्या आहेत. तुमची हरकत असेल तर विभागातून दुसरं कुणी येईल.”

साहेब विचारात पडले. “दुसरं कुणी आलं तर कधी येईल?”

“तीन आठवडे तरी लागतील.”

“मग तुम्हीच बघा. पण माझ्यासमोर. आणि दोन्ही खिडक्यांना एकच माप.”

“कबूल.”

“आणि प्रोग्रॅम बंद करू नका. बाहेर रांग लागलीये.”

“बंद करायचाच नाहीये,” भिंगरी खुर्ची ओढत म्हणाली. “अडतो तो चालू असताना. बंद करून पुन्हा लावला तर पाहुणे आल्यावर मुलं वागतात तसा शहाण्यासारखा वागेल, आणि काही सापडणार नाही.”

दोन्ही खिडक्यांचं काम कोपऱ्यातल्या एकाच मोठ्या संगणकावर चाले. भिंगरीने आपला लॅपटॉप त्याला जोडला आणि साहेबांना समजावलं. प्रोग्रॅम म्हणजे शेकडो छोटी छोटी कामं, एकाने दुसऱ्याला बोलावलेली. या प्रत्येक कामाला एक दार आहे असं समजा. तिच्याकडे असं साधन होतं, की प्रोग्रॅम चालू असतानाच त्यातल्या हव्या त्या दाराशी एक पहारेकरी बसवता येई. कोण किती वाजता आत गेलं आणि किती वाजता बाहेर आलं, एवढंच तो टिपणार. काम झालं की पहारेकरी उठवायचा. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

“वा!” साहेब म्हणाले. “मग सगळ्याच दारांवर बसवा. उगीच कशाला कसर ठेवायची?”

इथे भिंगरीची चूक झाली. तिला हे चांगलं ठाऊक होतं की असं करू नये. पण साहेब खांद्यावरून बघत होते, आत्या पाठमोरी बसली होती, आणि काहीही नजरेतून निसटू नये अशी तिला धास्ती होती. तिने सगळ्या दारांवर पहारेकरी बसवले. सहा हजारांच्या वर.

अर्ध्या मिनिटात दोन्ही खिडक्या थिजल्या.

“अहो मॅडम!” दुसऱ्या खिडकीवरून आवाज आला. तिथे बसणारा तरुण कर्मचारी इतका झपाट्याने काम करी की आगारात त्याला वादळ म्हणत. “माझंपण अडकलं की! मी एक अक्षर दाबतोय आणि ते उद्या उमटणारे बहुतेक!”

बाहेर रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी काचेवर नाणं वाजवलं. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “मी छडी हरवली म्हणून आलो, आता उभं राहून राहून पायही हरवतील.”

भिंगरीचे कान तापले. तिने भराभर सगळे पहारेकरी उठवले, आणि खिडक्या पुन्हा हलल्या.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“माझा हावरटपणा झाला. पहारेकरीच इतके झाले की ये-जा करायला वाट उरली नाही.”

आत्याचे खांदे पाठमोरे हलत होते. ती हसत होती. त्या हसण्याने भिंगरीला जरा बरं वाटलं, आणि ती सरळ बसली. या वेळी तिने कागदावर आधी लिहून काढलं आणि पाच दारं निवडली: नवी नोंद उघडणं, लिहून झालेला मजकूर घेणं, तशीच जुनी तक्रार आहे का बघणं, नोंद साठवणं आणि वस्तूला बांधायची चिठ्ठी छापणं. पाच दारं, पाच पहारेकरी. खिडक्यांना फरक पडला नाही. मग ती शांत बसली आणि आगारातला चहा पीत वाट बघू लागली.

साडेअकरापर्यंत ऐंशी-नव्वद नोंदी झाल्या. एकेक वेळ वाचत बसण्यापेक्षा तिने साधनालाच ढीग लावायला सांगितले होते. एवढ्या वेळात झालेल्या नोंदी या ढिगात, त्याहून जास्त वेळ लागलेल्या पुढच्या ढिगात. चार दारांचं चित्र अगदी साधं निघालं: एकच ढीग, डोळ्याची पापणी लवायच्या आत काम फत्ते.

चौथ्या दाराशी, नोंद साठवण्याच्या, दोन ढीग होते. एक तसाच, पापणी लवायच्या आतला. दुसरा पार पलीकडे, दहा सेकंदांवर. मधे काही म्हणजे काही नव्हतं.

भिंगरी खुर्चीत पुढे सरकली.

“साहेब, हे बघा. माणूस हळू असला तर तो कधी आठ सेकंद लावेल, कधी बारा, कधी शिंक आली म्हणून वीस. हे सगळेच्या सगळे दहावर आहेत. दहा आणि वर काही चिमूटभर. आतमध्ये कुणीतरी ठरवून थांबतंय.”

साहेबांनी चष्मा वर केला. “हे दहावाले कुठल्या खिडकीचे?”

भिंगरीने पाहिलं. “पहिल्या.”

“सगळे?”

“सगळे. पण साहेब, हे बटण दाबून झाल्यानंतरचे दहा सेकंद आहेत. तिथे आत्याचा हात नाहीच.”

“मग वादळच्या खिडकीत हे का होत नाही?”

प्रश्न बिनतोड होता. भिंगरीने डोकं खाजवलं. एक तर त्या खिडकीच्या संगणकात काही असेल, नाही तर त्यावर बसणाऱ्या माणसात. “दोघांना जागा बदलायला सांगू या,” ती म्हणाली.

आत्या आपली उशी आणि पाण्याची बाटली घेऊन दुसऱ्या खिडकीवर गेली. वादळ पहिलीवर आला, आणि तिथली उंच केलेली खुर्ची खाली करण्यातच त्याची दोन मिनिटं गेली. पंधरा-वीस नोंदी झाल्या. भिंगरीने ढीग बघितले.

दहाचा ढीग दुसऱ्या खिडकीत गेला होता, आत्याच्या पाठोपाठ.

साहेबांनी घसा साफ केला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. भिंगरीला क्षणभर चादरीची चारही टोकं डोळ्यांसमोर दिसली. पण आकडे खोटं बोलत नव्हते, आणि बटण दाबल्यानंतरच्या वेळेत माणूस काही करूच शकत नाही हेही खोटं नव्हतं. मग आत्या बटण दाबायच्या आधी असं काय करत होती?

तिने चौथ्या दारावरच्या पहारेकऱ्याला आणखी एक काम दिलं: नुसती वेळ टिपू नकोस, आत जाणाऱ्याच्या हातात काय आहे तेही लिहून ठेव. पाच मिनिटांत पडद्यावर ओळी उमटू लागल्या. वादळच्या अशा होत्या:

चष्मा.
पिशवी, निळी.
मोजा, एक.

आणि आत्याच्या अशा:

चष्मा, तपकिरी काड्या. खुणा: डावी काडी चिकटपट्टीने बांधलेली, पेटीत तान्ह्या बाळाचा फोटो, फोटोच्या मागे पेन्सिलीने ‘आमचं माकड’.
हातमोजे, जोडी, लोकरी. खुणा: उजव्याचा अंगठा वेगळ्या रंगाच्या लोकरीने पुन्हा विणलेला, विणणारीचा हात चांगला.

“खुणा!” भिंगरी उठून उभीच राहिली. “वादळ, तू खुणांचा रकाना भरत नाहीस?”

वादळने मान खाली घातली. “नाही.”

“एकदा भर. काहीही लिही.”

त्याने लिहिलं, ‘क’. बटण दाबलं. पडदा थिजला. सगळे मनातल्या मनात मोजू लागले. दहाला पडदा सुटला.

“आत्या, आता तू एक नोंद कर. खुणा न लिहिता.”

“न लिहिता?” आत्याने समोरची छोटी सुटकेस जवळ ओढली, जणू भिंगरी ती फेकून द्यायला सांगत होती. “अगं, हिच्या मुठीला दातांचे ठसे आहेत. कुत्र्याचे. ते नको लिहू?”

“एकदाच. माझ्यासाठी.”

आत्याने जड हाताने रकाना रिकामा सोडला आणि बटण दाबलं. चिठ्ठी तत्क्षणी टर्रकन बाहेर आली. आत्या दचकली. “हे काय? हे तर धाडकन गेलं!”

वादळने मग कबुलीच दिली. “आधी मीपण भरायचो, मावशी. मग एक दिवस लक्षात आलं, खुणा लिहिल्या की गोठतंय. म्हणून सोडलं. म्हटलं, कुणी विचारत तर नाही.”

“आणि तुला कधी वाटलं नाही का गं, की हे थांबतंय?” भिंगरीने आत्याला विचारलं.

“वाटलं की. पण मी एवढं सगळं लिहायचे,” आत्या म्हणाली, “मला वाटायचं, यंत्र वाचतंय. वाचायला वेळ लागणारच ना कुणालाही.”

वादळ हसता हसता खुर्चीवरून घसरला. साहेबांनाही हसू आलं, पण ते त्यांनी पेनांमागे लपवलं.

आता उरलं एवढंच: आतमध्ये थांबतंय कोण, आणि कुणासाठी? भिंगरीने चौथ्या दाराच्या आतल्या दारांवर पहारेकरी हलवले. हे तिला फार आवडायचं. एक दार उघडावं, आतल्या चारांपैकी वेळ खाणारं दार धरावं, बाकीची सोडून द्यावीत, पुन्हा आत शिरावं. तिसऱ्या फेरीत ती तळाशी पोचली. खुणा लिहिलेली नोंद आली, की प्रोग्रॅम वायरवरून एका दुसऱ्या संगणकाला हाक मारत होता. पाच सेकंद उत्तराची वाट बघत होता. मग पुन्हा हाक, पुन्हा पाच सेकंद. मग मुकाट्याने पुढे जात होता, कुणाला अवाक्षरही न सांगता.

तिने त्या संगणकाचा पत्ता कागदावर उतरवला. “साहेब, हा कुठे आहे? पत्त्यावरून तर याच इमारतीतला वाटतोय.”

साहेबांनी आगाराच्या यंत्रांची वही आणली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लांब झाला.

“जिन्याखाली एक पांढरा डबा होता,” ते म्हणाले. “सारखा घरघर करायचा.”

“होता?”

“मी काढायला लावला. चौदा महिन्यांपूर्वी. कुणी त्याच्याजवळ कधी फिरकत नव्हतं. मला वाटलं, बिनकामाचा आहे. शिवाय तिथे सायकली ठेवायच्या होत्या.”

वादळ छताकडे बघायला लागला. आत्याने ओठ घट्ट मिटले होते, पण तिचं पोट हलत होतं. शेवटी तिच्याने राहवेना. “साहेब,” ती म्हणाली, “सायकली मात्र नीट राहतात हो.”

साहेबांनी दोन्ही हात जोडले. “बाई, माझं चुकलं.” आणि मग तेही मोकळेपणाने हसले. भिंगरीला ते तेव्हा पहिल्यांदा आवडले.

तो पांढरा डबा काय करायचा हे जुन्या कागदांत सापडलं. शहरात आणखी अकरा आगारं होती. माणूस वस्तू कुठे विसरतो आणि तक्रार कुठे नोंदवतो याचा नेम नसतो. इथे लिहिलेल्या खुणा तो डबा अकराही आगारांना पाठवायचा, तिथल्या तक्रारींशी ताडून बघितल्या जायच्या, आणि जुळलं की तिथला कारकून फोन करायचा. चौदा महिने एकही खूण इथून बाहेर गेली नव्हती.

“म्हणजे मी लिहिलेलं सगळं वाया?” आत्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

भिंगरी तेच शोधत होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काही तरी सोय केली असणार असं तिचं मन सांगत होतं. तिने हाक फुकट गेल्यानंतरच्या दारावर पहारेकरी बसवला आणि आत्याला एक नोंद करायला सांगितलं. दहा सेकंद झाले. मग त्या दारातून नोंद बाहेर पडली आणि एका फाइलच्या शेवटी जाऊन बसली. भिंगरीने ती फाइल उघडली आणि ओळी मोजायला लावल्या.

“आत्या, इकडे ये.”

आत्या आली, चष्मा पुसून वाकली.

“चौदा हजार आठशे बारा,” भिंगरी म्हणाली. “जवळपास सगळ्या तुझ्याच. एकही हरवलेली नाही. रांगेत उभ्या आहेत नुसत्या.”

आत्याने पडद्याला बोट लावलं, एका ओळीवर, मग दुसऱ्या. “ही बघ, आमचं माकड,” ती म्हणाली. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, “दोन वर्षांच्या आतलं काही आपण बाहेर काढत नाही. म्हणजे सगळं आहे मागे. सगळंच्या सगळं.”

भिंगरीकडे आणखी एक आकडा होता, आणि तो सांगितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. सकाळपासून तिने यंत्राचे सेकंद वेगळे काढून माणसांचे वेगळे ठेवले होते. “वादळची एक नोंद सरासरी अडतीस सेकंदांत होते,” ती साहेबांना म्हणाली. “आत्याची एक्केचाळीस. आणि ती चौपट मजकूर लिहिते.”

“एक्केचाळीस?” आत्या ताडकन वळली. “ते तीन सेकंद कसले?”

“आत्या, हे कौतुक आहे.”

“कौतुक राहू दे. ते मी मधे चष्मा पुसत होते. चष्मा पुसायचे सेकंद धरायचे नसतात.”

“मी कुठे चष्मा लावतो, मावशी,” वादळ म्हणाला, “तर ते तुम्हाला माफ.”

मुख्य कार्यालयात त्याच कामासाठी नवा संगणक बसवून वर्ष झालं होतं. त्याचा पत्ता मिळवायला चार फोन लागले. दुपारी अडीचला, खिडक्यांवर कुणी नसताना, भिंगरीने प्रोग्रॅममधला जुना पत्ता काढून नवा घातला आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. साठलेल्या नोंदी एकदम सोडल्या तर अकरा आगारांतले कारकून पळून जातील, म्हणून रोज शंभर सोडायची सोय केली. मग आत्याने एका तुटक्या पट्ट्याच्या घड्याळाची नोंद केली, सावकाश, मनासारख्या खुणा लिहून, आणि बटण दाबलं. चिठ्ठी टर्रकन बाहेर आली. भिंगरीच्या पडद्यावर चौथ्या दाराची वेळ उमटली: सेकंदाचा सत्तरावा भाग.

साहेबांनी तिथल्या तिथे बदलीचा कागद फाडला आणि तुकडे कुठे टाकावेत हे न कळून पेनांच्या खिशात घातले.

तीन दिवस काही झालं नाही. आत्या रोज संध्याकाळी घरी येऊन ‘बघू’ एवढंच म्हणायची. चौथ्या दिवशी फोन वाजला, आणि मग थांबेना. पुढच्या शनिवारी भिंगरीला सुट्टी होती. तरी ती आगारात गेली. म्हणायला पहारेकरी उठवायचे राहिले होते, खरं तर तिला बघायचं होतं.

रांग हौदापर्यंत गेली होती. रांगेच्या तोंडाशी एक गवंडी उभा होता, कपड्यांवर सिमेंटचे डाग, हात खडबडीत. “पलीकडच्या आगारातून फोन आला होता,” तो अवघडून म्हणाला. “ओळंबा हरवला होता माझा. भिंत सरळ आहे का ते बघायचा, पितळी. वर्ष उलटून गेलं. ते म्हणाले, तुमच्याकडे आहे. पण ओळंबे काय, सगळे सारखेच असतात हो.”

आत्या आत गेली आणि कागदात गुंडाळलेली वस्तू घेऊन आली. पण लगेच दिली नाही. “खूण सांगा.”

“दोऱ्याला गाठी आहेत.”

“किती?”

“सात. माझ्या बापाने मारलेल्या. आम्ही सात भावंडं. एकेक झालं की एकेक गाठ.”

आत्याने कागद सोडला. गवंड्याने दोरा हातात घेतला आणि एकेक गाठ अंगठ्याखालून सरकवली. शेवटच्या गाठीवर थांबला. “हा मी,” तो म्हणाला, आणि रांगेतल्या अनोळखी लोकांना दाखवत सुटला, जणू सगळ्यांच्या घरचाच तो ओळंबा होता.

त्या एका दिवसात तेहतीस वस्तू घरी गेल्या. गर्दी आवरेना, तेव्हा साहेबांनी मधल्या टेबलावर तिसरी खिडकी उघडली आणि स्वतः बसले. दुसऱ्या खिडकीवर वादळ खुणा लिहायला शिकत होता आणि दर पाच मिनिटांनी आत्याला दाखवत होता.

“मावशी, हे बघा. ‘पर्स, काळी. खुणा: उदास.’”

“उदास म्हणजे?”

“म्हणजे... बघा ना तिच्याकडे.”

आत्याने बघितलं. “चेन अर्धवट उघडी आणि एक कोपरा दबलेला. तसं लिही. उदास आहे की नाही ते तिची मालकीण ठरवेल.”

वादळने खोडलं आणि नव्याने लिहायला घेतलं. त्याला एका पर्सला पूर्ण दीड मिनिट लागलं, आणि कुणी काही म्हटलं नाही.

कोपऱ्यात भिंगरीने पहिल्या दारावरचा पहारेकरी उठवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रोग्रॅम आपला चालत राहिला. लॅपटॉप बंद करून ती उठली, तेवढ्यात साहेबांनी तिला हाक मारली. त्यांच्यासमोर एक लोखंडी यंत्र होतं, दांडा आणि दोन दातेरी चाकं असलेलं, आणि ते त्याच्याकडे हतबलपणे बघत होते.

“मॅडम, तुम्ही हुशार आहात. हे काय असेल हो?”

भिंगरीने दांडा फिरवून पाहिला. चाकं छान फिरली. काय होतं ते मात्र तिलाही सांगता येईना. रांगेतल्या दोघातिघांनी माना आत घातल्या, प्रत्येकाने वेगळं सांगितलं, आणि आत्या आपली खिडकी सोडून, चष्मा सारखा करत, बघायला आली.

“सरका जरा,” ती म्हणाली. “आधी त्याच्या खुणा बघू.”